माडावर चढणारा माणूस आणि त्याचा कणा

या सदराच्या एका जुन्या वाचकाचे पत्र आले आहे. ते स्वतः नारळ-पोफळीच्या आगराचे मालक आहेत. ते लिहितात, "आमच्याकडे नारळ काढायला येणारा गडी पन्नाशीला टेकला आहे. त्याची कंबर सतत दुखते. तरी तो येतो, कारण त्याच्याशिवाय वाडीत चढणारा आता कोणी उरलेला नाही. त्याला कोणती गोळी चालेल ते सदरातून कळवावे." प्रश्न एका ओळीचा आहे. परंतु कंबर दुखत असलेला पन्नाशीचा माणूस पन्नास फुटांवर चढतो आहे, हे ध्यानात घेतले तर उत्तर गोळीपाशी थांबत नाही. शिवाय सध्या पावसाळ्यापूर्वीची घाई आहे. घरावर आलेल्या फांद्या तोडायच्या, हापूसवरचे बांडगूळ काढायचे, माड साफ करायचे, अशी कामे गावोगावी चालू आहेत. म्हणून या आठवड्यात झाडावर चढणाऱ्या माणसाच्या आरोग्याविषयीच लिहितो.

विलायतेत झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्या, रोगट भाग काढून टाकणाऱ्या कारागिराला 'ट्री सर्जन', म्हणजे झाडांचा शल्यविशारद, असे भारदस्त नाव आहे. गोव्यात नारळ पाडणाऱ्याला पाडेली म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याला वेगळे नावसुद्धा नाही. "चढणारा गडी" एवढेच म्हणतात. वास्तविक त्याचे काम शल्यविशारदाइतकेच कौशल्याचे आहे. कोणता नारळ तयार झाला आणि कोणता अजून शहाळे आहे, कोणती झावळी आपणहून गळेल आणि कोणती तोडायला हवी, हापूसची कोणती फांदी काढल्यावर आत ऊन जाईल, हे त्याला खालून बघूनच कळते.

या कामातली मेहनत किती, याचा हिशेब आपण कधी करत नाही. बाणवली जातीचा जुना माड पन्नास-साठ फुटांपर्यंत सहज जातो. सरासरी चाळीस फूट धरले आणि गड्याने दिवसात तीस माड केले, तर त्याची चढण बाराशे फूट होते. दिल्लीचा कुतुबमिनार २३८ फूट उंच आहे. म्हणजे हा माणूस एका दिवसात पाच वेळा कुतुबमिनार चढतो आणि तेवढ्याच वेळा उतरतो, आणि तेही जिन्याने नव्हे, तर खोडाला मिठी मारून, माडाला पाडलेल्या खाचांत बोटे रोवून. दीड-दोन महिन्यांनी प्रत्येक आगरात हीच फेरी पुन्हा येते. पोफळीच्या बागेत तर सराईत माणूस खाली न उतरता एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी पकडतो. बघणाऱ्याला ती गंमत वाटते. मला मात्र त्याचे खांदे दिसतात. या वयातल्या अशा गड्याला हात डोक्यावर नेताना खांदा अडकतो, अशी तक्रार घेऊन तो माझ्याकडे येतो.

आता कंबरेविषयी. चढताना गुडघे दुमडलेले, तळवे आत वळवलेले आणि पाठ बाहेर काढलेली असते. वर पोहोचल्यावर एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने कोयती चालवत, कंबर पिळून वाकावे लागते. आपल्या मणक्यांच्या मधे रबरासारख्या चकत्या असतात. वयाच्या चाळिशीनंतर त्यांच्यातला ओलावा कमी होतो आणि असा पीळ त्यांना सोसत नाही. नुसती कंबर दुखत असेल, रात्री झोपल्यावर बरे वाटत असेल, तर काही दिवस चढणे बंद ठेवून, शेक घेऊन आणि हलके व्यायाम करून बहुधा आराम पडतो. परंतु कळ मांडीच्या मागून गुडघ्याखाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल, अंगठा वर उचलताना जोर कमी वाटत असेल, तर त्या माणसाने झाडावर चढता कामा नये. ऐन वेळी पायाने दगा दिला तर वर दुसरा आधार नसतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे हे लक्षण दिसले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आणि गोळी? साधी पॅरासिटामॉल चालेल. मात्र कंबरदुखीसाठी दुकानातून मिळणाऱ्या पुष्कळशा गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर स्नायू सैल करणारे औषध मिसळलेले असते. त्याने गुंगी येते. सर्दी-खाज यांवरच्या गोळ्याही झोप आणतात आणि पावसाळ्यात त्या घरोघरी असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहाची गोळी घेऊन न जेवता चढले तर साखर उतरून घाम फुटतो, हात थरथरतात. जमिनीवर हे सगळे किरकोळ आहे, कारण माणूस खाली बसतो. माडाच्या शेंड्यावर त्याला बसायला जागा नसते. म्हणून कोणतेही नवे औषध सुरू केल्यावर निदान दोन-तीन दिवस चढू नये आणि डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा. "मी झाडावर चढतो" हे वाक्य ऐकल्यावर आम्ही चिठ्ठीवरचे औषध बदलतो. ज्याला फिट येते, ज्याला चक्कर येऊन तोल जाण्याची सवय आहे, त्याने हा धंदा करू नये, हे कटू असले तरी खरे आहे.

उपाशीपोटी चढण्याची पद्धतही वाईट. पहाटे चहा पिऊन माणूस निघतो आणि दहा वाजेपर्यंत पंधरा माड झालेले असतात. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. त्यामुळे पाण्याबरोबर क्षारही गमावले जातात आणि पोटरीत, हाताच्या बोटांत गोळे येतात. दर चार-पाच झाडांमागे पेलाभर पाणी आणि मधून मीठ घातलेली पेज किंवा ताक असावे. दुपारी बारा ते तीन काम थांबवावे. दारूबद्दल मी लांबण लावत नाही. "थोडी घेतली की भीती जाते" असे गडी सांगतात. ती भीतीच त्यांना सांभाळत असते. आदल्या रात्रीची दारूसुद्धा सकाळी तोल बिघडवते.

पायाला आणि छातीला पडलेले घट्टे हे या धंद्याचे दागिने. ते कातडीचे संरक्षण करतात, म्हणून पात्याने खरवडून काढू नयेत. मधुमेह असेल तर अजिबात नाही. भेगा पडल्या तर रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून खोबरेल लावावे, एवढेच पुरते. आंबे काढणाऱ्यांचा त्रास वेगळा. देठ तुटताक्षणी जो चीक उडतो त्याने कातडी भाजल्यासारखी काळी पडते, आणि डोळ्यात गेला तर फार आग होते. अशा वेळी डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली पंधरा-वीस मिनिटे उघडा धरावा आणि मग डॉक्टरांना दाखवावा. घळीने किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याने देठासकट आंबा काढला तर फळही डागळत नाही आणि माणूसही. शिवाय पुष्कळसे आंबे जमिनीवरून किंवा खालच्या फांदीवरूनच हाती लागतात.

ओंबील, म्हणजे पाने विणून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या, चावून माणूस मरत नाही. परंतु झटकायला हात सुटला की पडतो. गांधीलमाशा आणि आग्या मोहोळ यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. चढण्यापूर्वी झाडाला एक फेरी मारून वर नीट पाहावे. दंश झाल्यावर अंगभर पित्त उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. त्या माणसाला मिनिटांच्या हिशेबाने इंजेक्शन लागते. ज्याला एकदा असा झटका येऊन गेला आहे त्याने पुन्हा झाडावर जाऊ नये. हिरव्या पानांत न दिसणारा चापडा हा सापही कधी हाताला डसतो. त्यावर आपल्याकडची सर्पदंशाची लस लागू पडत नाही, कारण ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी असते. तथापि चापड्याचे विष बहुधा प्राणघातक नसते. हात न हलवता, न बांधता, न चिरता इस्पितळात यावे, सूज आणि रक्त गोठण्याची तपासणी करून उपचार होतात.

माणसाइतकीच झाडाची प्रकृतीही पाहावी लागते. सोंड्या भुंगा लागलेल्या माडाच्या खोडाला भोके पडतात, त्यांतून तांबूस चिकट पाणी गळते. आत खोड पोखरलेले असते आणि शेंडा माणसाच्या वजनाने खाली येऊ शकतो. वीज पडलेला माडही तसाच. वाळलेल्या झावळीचा देठ हा तर जुना वैरी आहे. दिसायला भक्कम, पण धरताच बुंध्यातून निसटतो. जांभूळ आणि शेवगा यांची फांदी ठिसूळ, हे आपल्याकडे लहान मुलेही जाणतात, आणि तरी जांभळे पिकली की तीच मुले शेंड्यावर असतात. पावसाची पहिली सर येऊन गेली की खोडावरचे शेवाळ फुगते. त्यानंतर दोन दिवस उघडीप मिळाल्याखेरीज चढू नये.

विजेच्या तारांबद्दल मात्र निक्षून सांगतो. फांदीपासून तार लांब दिसत असली तरी फांदी तुटताना झुकते आणि ओल्या फांदीतून प्रवाह येतो. लोखंडाची किंवा अॅल्युमिनियमची घळ तारेजवळ नेणे म्हणजे मरण बोलावणे होय. बांबूसुद्धा ओला असेल तर विश्वासाचा नाही. महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवून लाइन बंद करून घ्यावी आणि ती बंद झाल्याची खात्री पटेपर्यंत कोणी चढू नये. कुणी तारेला चिकटला तर त्याला हात लावू नका. घरगुती जोडणी असेल तर मुख्य बटण बंद करा. मोठी लाइन असेल तर जवळही जाऊ नका, कोरडी काठीसुद्धा तिथे उपयोगाची नाही. प्रवाह बंद झाल्यावर माणूस बेशुद्ध असून श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून जोराने, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाबत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. झटका बसून उठून चालू लागलेल्या माणसानेही इस्पितळात येऊन हृदयाचा आलेख काढावा. लघवीचा रंग चहासारखा झाला तर आत स्नायू जळाले आहेत असे समजावे.

आता साधने. सुंभाची दोरी ओलीने आतून कुजते आणि वरून शाबूत दिसते. नायलॉनची दोरी उन्हात पडून राहिली की कडक होते. दोन्ही दर महिन्याला हातात फिरवून, पीळ उलगडून पाहाव्यात. कोयती कंबरेच्या आकडीत अडकवून चढण्याची आपली जुनी चाल आहे. हाताला ती सोयीची, पण घसरल्यावर पाते पाठीत किंवा मांडीत जाते. निदान आकडीत पाते पूर्ण झाकले जाईल असे म्यान असावे, अथवा माणूस वर बसल्यावर दोरीने कोयती वर ओढून घ्यावी. लाइनमन पूर्वी वापरत तसा नुसता कंबरपट्टा लावला आणि पाय सुटला, तर सारा हिसका पोटाला आणि कण्याला बसतो. मांड्यांतून आणि खांद्यांवरून पट्टे येणारा पूर्ण अंगाचा पट्टा घ्यावा आणि त्याची दोरी कधीही सैल सोडू नये. हा पट्टा मालकाने विकत घेऊन आगरात ठेवावा असे माझे मत आहे. हापूसच्या पेटीच्या भावाची चर्चा करणाऱ्याला तो जड जाऊ नये.

माडावर चढण्याचे यंत्रही आता बऱ्याच जणांनी पाहिले असेल. लोखंडाच्या दोन चौकटी, प्रत्येकीची तारेची कडी खोडाभोवती, पाय त्यांत अडकवून एक एक वर सरकवत जायचे. केरळातल्या चेंबेरी गावाच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार यात विशेष प्रसिद्ध आहे. कोचीच्या नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात 'नारळाच्या झाडाचे मित्र' या नावाने तरुणांना या यंत्राचे शिक्षण देणे सुरू केले. कारण तिथेही चढणारी माणसे उरली नव्हती. यंत्रामुळे छातीला खरचटत नाही, गुडघ्यांवर भार कमी येतो, आणि पिढीजात सराव नसलेला तरुणही आठवड्याभरात शिकतो. परंतु वाकड्या माडावर ते नीट बसत नाही, आणि यंत्र आहे म्हणून पट्टा नको असे समजणे चुकीचे आहे. शेंड्यावर पोहोचून घडाकडे वाकताना यंत्र तोल सांभाळत नाही.

पेट्रोलवर चालणारी करवत, जिला लोक नुसतेच कटर म्हणतात, ती ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आणि पुढच्या वर्षी मे महिन्यातल्या तौक्तेनंतर आपल्याकडे वाडीवाडीत आली. पडलेली झाडे काढायला दुसरा उपाय नव्हता. जमिनीवर आडवे पडलेले झाड निरुपद्रवी वाटते, पण त्याच्या दबलेल्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात आणि कापताच उसळतात. करवतीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की ती उलटून तोंडाकडे येते. एका हाताने करवत चालवत, दुसऱ्या हाताने फांदी धरून झाडावर बसलेली माणसे मी रस्त्यावरून जाताना पाहतो. विलायतेत झाडावर करवत चालवणाऱ्याला पायाभोवती न कापल्या जाणाऱ्या धाग्यांची विजार, शिरस्त्राण, कानझाकणी हे सगळे लागते. चढण्याची साधने तिथे दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागतात. या सगळ्याची आज आपल्याकडे अपेक्षा करणे कठीण आहे. पण तिथला एक दंडक बिनखर्चाचा आहे. झाडावर माणूस असताना खाली दुसरा माणूस असलाच पाहिजे, आणि वरच्याला सोडवून खाली आणणे त्याला जमले पाहिजे. आपल्याकडे गडी एकटा आगरात शिरतो, मालक मुंबईला असतो, आणि पडलेला माणूस संध्याकाळी गुरे शोधायला आलेल्या कुणाला तरी दिसतो. एवढा एकच नियम जिल्ह्यात पाळला गेला तरी काही माणसे वाचतील असे मला वाटते.

खालच्या माणसाने काय करावे, ते आता सविस्तर सांगतो. लेखाचा हा भाग कात्रण काढून ठेवावा.

चाळीस फुटांवरून पडणारा माणूस दीड सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटर असतो. तो पायांवर पडला तर टाचा फुटतात आणि धक्का वर चढून जिथे छातीचा कणा संपून कंबरेचा सुरू होतो तिथला मणका दबतो. म्हणून झाडावरून पडून नुसती टाच दुखते म्हणणाऱ्याच्याही कण्याचा फोटो काढावा लागतो. मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू जातो. पायांची हालचाल, संवेदना, लघवी-शौचावरचा ताबा, हे सारे त्याच्यातून येते. मणका मोडला म्हणजे रज्जू तुटलाच असे नाही. मोडलेल्या हाडाचे टोक रज्जूच्या शेजारी असते. माणूस सरळ पडून राहिला तर ते तिथेच राहते. त्याला बखोटीला धरून बसवले, काखेत आणि गुडघ्यात हात घालून उचलले, रिक्षात दुमडून कोंबले, की तेच टोक रज्जूत शिरू शकते. झाडाखाली पायाची बोटे हलवत असलेला आणि माझ्या टेबलावर येईपर्यंत ती न हलवू शकणारा रुग्ण मी पाहिला आहे. त्याला आणणारी सगळी त्याच्या जिवाभावाची माणसे होती. त्यांनी धावपळ केली, कुचराई कोणीच केली नव्हती. त्यांना फक्त हे कोणी सांगितले नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट, त्याला हलवू नका. उठवून बसवू नका, "चालून बघ" म्हणू नका. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसावे आणि दोन्ही हातांनी डोके जसे आहे तसे स्थिर धरावे. शुद्धीवर असेल तर पायाची बोटे हलवायला सांगावी, तळव्याला स्पर्श कळतो का विचारावे, आणि जे उत्तर येईल ते वेळेसकट लक्षात ठेवावे. आम्हांला त्याचा फार उपयोग होतो. दुसऱ्याने १०८ ला दूरध्वनी करून "झाडावरून पडला आहे, कण्याला मार असेल" हे शब्द सांगावेत. पाणी पाजू नये. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जाते, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामे असावे लागते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरावे. अंगात कोयती किंवा फांदी घुसली असेल तर उपटू नये, तशीच आणावी. उलटी होत असेल तर डोके, खांदे आणि कंबर एकाच वेळी, एकाच रेषेत फिरवून कुशीवर करावे.

अनेक वाड्यांपर्यंत गाडी जात नाही, हे मला माहीत आहे. तिथे आपण चादरीची झोळी करतो किंवा डोली बांधतो. तापाच्या रोग्याला ती ठीक आहे. कण्याच्या रोग्याला नाही, कारण झोळीत पाठ वाकते. दाराची फळी, देवळातले लांब बाक, असे काहीही सपाट आणि कडक आणावे. चौघांनी एका बाजूला बसून, डोके धरणाऱ्याच्या "एक, दोन, तीन"वर, ओंडका वळवावा तसे सारे अंग एकदम कुशीवर वळवावे, पाठीमागे फळी सरकवावी आणि पुन्हा एकदम उताणे करावे. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल ठेवून कपाळ, छाती, मांड्या फळीला पट्ट्यांनी बांधाव्यात. याला दहा मिनिटे जास्त लागतात. लागू द्यावीत. अपवाद दोनच: वर मोहोळ उठले असेल किंवा तार तुटून पडली असेल तर आधी त्या जागेवरून लांब न्यायला हवे, आणि तेही शक्यतो अंगाच्या रेषेत ओढत.

पट्ट्याला लटकून बेशुद्ध झालेला माणूस खाली आणण्यात मात्र उशीर करू नये. लटकलेल्या अवस्थेत रक्त पायांत साठते आणि मेंदूला कमी पडते. शिडी आणि दुसरी दोरी खाली तयार असली पाहिजे ती याचसाठी.

इस्पितळातून हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह घरचे धरतात. मुरगळलेल्या पायाची गोष्ट निराळी. मणक्यावर मालीश करून घेणे हा पाय कायमचे गमावण्याचा मार्ग आहे. पाय गेलेच असतील तर पहिल्या महिन्यांत जीव जातो तो बहुधा पाठीवरच्या जखमांनी आणि लघवीतल्या जंतूंनी, आणि दोन्ही टाळता येतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, नितंब रोज उजेडात पाहायचे. लघवीची नळी कशी हाताळायची ते परिचारिकेकडून शिकून घ्यायचे. मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे अशा रुग्णांना चाकाच्या खुर्चीवरून स्वतःचे सारे करायला शिकवतात. घरी अंथरुणावर वर्ष काढल्यावर नव्हे, तर जखम भरताच तिथे न्यावे.

शेवटी पैशाचे. शेतकऱ्याला अपघात झाल्यास सरकारकडून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून सानुग्रह अनुदान मिळते. परंतु ते सात-बाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीला. दुसऱ्याच्या माडावर चढणारा भूमिहीन गडी त्यात बसत नाही. त्याच्यासाठी बँकेतून निघणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. वर्षाला वीस रुपये हप्ता, वय अठरा ते सत्तर. अपघाती मृत्यू आल्यास किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाल्यास दोन लाख रुपये, एक पाय किंवा एक हात गेल्यास एक लाख. इस्पितळाचा खर्च यातून मिळत नाही, त्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होतानाच करावी आणि शिधापत्रिका बरोबर आणावी. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. आगरमालकांनी आपल्या गड्याला या आठवड्यात बँकेत नेऊन अर्ज भरून द्यावा, आणि मे अखेरीस त्याच्या खात्यात वीस रुपये आहेत ना, ते पाहावे. नसतील तर विमा बंद पडतो.